चारशे पंचाहत्तरचा तुकडा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक बिरदेव, कळसचे. त्यांचा आजा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ हिंडायचा. दाजींच्या वाट्याला दोन एकर ऊस आला आणि एक जीभ आली. उसाचं कुणी नाव काढत नव्हतं, पण जिभेचं नाव इंदापुरापासून बारामतीपर्यंत होतं.

जत्रा असो, जावळ असो, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीची पार्टी असो, मटणाचं भगुणं चुलीवर चढलं की दाजींना आणायला गाडी जायची. दाजी यायचे, भगुण्यापुढं चपला काढायचे, पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "उतरवा." हा शब्द निघाल्याशिवाय भगुणं खाली येत नव्हतं आणि पंगत बसत नव्हती. एकदा त्यांची एसटी वाटेत बंद पडली, तर पिंपळीत माझ्याच पोरीच्या जावळाला दोनशे माणसं तीन तास रिकाम्या पत्रावळ्या धरून बसली. दाजी पोचेपर्यंत मटणाचा लगदा झाला होता. त्यांनी चाटलं, डोळे मिटले, म्हणाले, "उतरवा." मी म्हटलं, "दाजी, आता उतरवायला काय राहिलंय त्यात?" तर सगळी पंगत माझ्यावरच खेकसली. बोकड माझं, चूल माझी, आणि गप्प बसायचं तेही मीच! असा राग आला होता म्हणून सांगू.

शहाण्णव साली दाजींना टायफॉईड झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. मला कळलं ते भाऊबीजेला. अक्कानं गडबडीत आमटीत मिठाऐवजी साखर घातली होती. मी पहिल्या घासाला थुंकलो. दाजी दोन वाट्या प्यायले आणि मिशी पुसत म्हणाले, "झकास."

अक्कानं मला गोठ्यामागं ओढत नेलं. "कुणाजवळ बोललास तर तुझी माझी ही शेवटची भाऊबीज," म्हणाली आणि रडायलाच लागली. "त्यास्नी दुसरं हाय काय रं? लोक गाडी धाडत्यात ती त्या जिभंसाठी. हे कळलं तर गाडी कशाला येईल?"

त्यानंतर दाजी भगुण्याला कान लावायला लागले. रटरट ऐकायचे, हाड दोन बोटांत दाबून बघायचे. शिजलं का कच्चं, एवढं त्यांना कळायचं. मीठ-तिखट देवाच्या हवाली. पुढच्या चैत्रात कळसच्या जत्रेला जेवणावर लोकांनी पाण्याचा अख्खा टँकर संपवला, असं ऐकलं. मी त्या दिवशी एका साखरपुड्याला गेलो होतो. ऊन मरणाचं होतं, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच साली सर्जेराव बागाईतदारांच्या विजयसिंहनं भिगवणला हायवेवर हॉटेल काढलं. परदेशात शिकून आलेलं पोरगं, बापाशी भांडून बाग मोडली आणि सगळा पैसा त्यात घातला. टेबलावर पांढरी कापडं, खिडकीतून धरणाचं पाणी. स्टेक नावाचा मटणाचा एक तुकडा, किंमत चारशे पंचाहत्तर. त्यासोबत प्यायची वाईन, बाटली सोळाशेची. तेवढ्यात तेव्हा अख्खी दोन बोकडं आली असती! मेनूकार्ड वाचायला मात्र पैसे पडत नव्हते, म्हणून लोक बायकापोरांना घेऊन यायचे, कार्ड वाचायचे, हसायचे आणि शेजारच्या टपरीवर भजी खाऊन घरी जायचे.

तीन महिने असे गेल्यावर विजयसिंह जीप घेऊन दाजींच्या दारात आला. "आबा, रविवारी दुपारी या. तुमी एकदा उतरवा म्हटलं की तालुका येतोय. न्हायतर मला कुलूप लावावं लागंल."

नाही म्हणावं तर संशय. रविवारी दाजींनी मला सोबत घेतलं. जीपमध्ये माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अक्कानं सांगितलंय न्हवं तुला? काळजी करू नगं. भगुण्याला कान लावला की माझं भागतंय."

हॉटेलात पन्नास-साठ माणसं जमली होती. जत्रेचं मटण रांधणारा म्हस्कू आचारीसुद्धा नवी टोपी घालून आला होता. दाजींनी दारातच चपला काढल्या आणि म्हणाले, "भगुणं दाव."

"भगुणं न्हाय, आबा."

"मंग शिजवतुयास कशात?"

विजयसिंहनं लोखंडी पत्रा दाखवला. "ह्याच्यावर. चार मिनिटं."

"चार मिनिटं? अरं, तेवढ्या वेळात मानसाचं हात धुऊन हुईनात!" दाजी हसले, पण त्यांचा चेहरा उतरला ते मी बघितलं. भगुणं नाही, रस्सा नाही, रटरट नाही. आता कान लावायचा कशाला?

तेवढ्यात पुण्याहून आणलेला राम नावाचा वाईनवाला पुढं आला. एवढ्या उकाड्यात अंगात काळा कोट. त्यानं ग्लासात दोन घोट ओतले, ग्लास गरागरा फिरवला, आत नाक खुपसलं आणि सांगायला लागला, "ह्याच्यात जांभळाचा वास आहे. मागून ओल्या चामड्याचा येतो. आणि अगदी शेवटी, पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो." लोक आ वासून ऐकत होते. दाजी मात्र त्याच्या नाकाकडं टक लावून बघत होते. ते लालभडक झालं होतं.

तो ग्लास ठेवायला वाकला तसं दाजींनी हळूच विचारलं, "पडसं झालंय व्हय रं?"

रामचा हात थांबला. "पंधरा दिवस झाले, आबा. या हायवेच्या धुळीनं. मालकांना सांगू नका."

"मला वरीस झालं," दाजी म्हणाले.

मी शेजारी बसून घामाघूम झालो. सोळाशेची बाटली आणि चारशे पंचाहत्तरचा तुकडा, आणि पारख करायला हे दोघं!

तुकडा आला. आतून गुलाबी, दाबला की लाल पाणी सुटत होतं. दाजींनी तोंडात टाकला, बराच वेळ चावला, डोळे मिटले. मी मनात म्हणत होतो, म्हणा उतरवा आणि सुटा. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर विजयसिंह हात जोडून उभा होता.

दाजी उभे राहिले. "पोरानं सगळं ह्याच्यात घातल्यालं हाय," ते म्हणाले. "चांगलं म्हणलो तर तुमी माझ्या शब्दावर पैसं घालवशिला, वाईट म्हणलो तर हे बुडंल. आन मला तर चवच कळत न्हाय. टायफॉईडपासनं. वरीसभर मी तुमास्नी फसवतूय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काला काय तोंड दाखवू?

म्हस्कू उठला. "बसा खाली, बिरदेवराव. आमाला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"जत्रंला माझ्या हातनं दोनदा मीठ पडलं. म्हणलं, तुमी धरशिला. तुमी चाटलं आन म्हणला, उतरवा. मंग उतरवलं."

"आन खाल्लं कुणी ते?"

"सगळ्या गावानं. टँकर रिकामा झाला."

"मंग बोलला का न्हाय रं, गाढवानू?"

"तुमी बोलला न्हाय. मंग आमी कसं बोलावं?"

दाजींनी टेबलावरचं पांढरं कापड ओढून तोंडाला लावलं आणि सगळ्यांदेखत हुंदके दिले. वरच्या प्लेटा खळाखळा खाली आल्या. कुणी उचलायला वाकलं नाही.

"पण माझ्या स्टेकचं काय?" विजयसिंह रडवेला होऊन म्हणाला.

म्हस्कूनं उरलेला तुकडा चाखला. "कच्चं हाय. भगुणं आण."

शेजारच्या टपरीवरनं भगुणं आलं. चारशे पंचाहत्तरचे होते नव्हते तेवढे तुकडे आत गेले, कांदा-खोबऱ्याचं वाटण गेलं, चिंच मिळेना म्हणून आंबटपणाला सोळाशेची बाटली उपडी केली. राम कोट काढून मसाला वाटत बसला. तासाभरात रटरट सुरू झाली. विजयसिंह फडकं घेऊन पुढं झाला, तर म्हस्कूनं त्याचा हात धरला. सगळे दाजींकडं बघायला लागले.

दाजींनी तळहातावर रस्सा घेतला, चाटला, डोळे मिटले. "कळंना," ते म्हणाले.

"नगं कळू दे," म्हस्कू म्हणाला. "तुमी म्हणा."

दाजींनी तळहात पुसला. "उतरवा," ते म्हणाले.

जेवायला बसलो. मीठ कमी होतं. मी मागितलं नाही.