वाणात गेलेले सहा चमचे

राग धरून ठेवण्यात मी कुणाला हार जाणार नाही. माझ्या कपाटात आज नॉर्वेचे चांदीचे, मीनाकाम केलेले एकतीस चमचे आहेत. बघणाऱ्यांना वाटतं, काय हौस आहे बाईला. हौस कसली डोंबलाची. एका बाईला भर बैठकीत खाली पाहायला लावायचं, एवढ्यासाठी मी ते जमवले.

नव्वदच्या दशकात आम्ही शारजात राहायचो. शेजारच्या फ्लॅटमध्ये नॉर्वेची एक बाई होती, तिचा नवरा जहाजदुरुस्तीच्या कामावर. तिला एकदा कावीळ झाली तेव्हा महिनाभर मी मऊ भात आणि ताक पोचवलं. तिचं इंग्रजी अर्धं, माझं पाव, तरी आमच्या तासतास गप्पा चालायच्या. देश सोडून जाताना तिने मला एक चपटी पेटी दिली. आत कॉफीचे सहा चमचे, करंगळीपेक्षा थोडे लांब, प्रत्येकाचा रंग वेगळा. आईचे आहेत म्हणाली. तिला मूलबाळ नव्हतं. तुझ्याकडे राहू देत, एवढंच बोलली आणि दोघी रडलो.

मी ते काचेच्या कपाटात मांडले. पुढच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आमच्या ह्यांच्या मालकांची बायको आली. त्या मालकांची काँट्रॅक्टिंग कंपनी, आमचा व्हिसा त्यांच्या हातात, त्यामुळे वहिनी आल्या की सगळ्याजणी सरकून जागा द्यायच्या. मी वाण म्हणून चहाच्या गाळण्या लुटत होते. वहिनींनी गाळणी हातात घेतली, कपाटाकडे पाहिलं आणि उठून एक चमचा काढून नखाने खरवडला.

“अगं, ही चांदी नाही हं. पितळेवर मुलामा आहे. टूरिस्ट लोकांना विकतात. पोरांना खायला बियला देऊ नकोस यात. गाळण्या माझ्याकडे ढीगभर आहेत, मला वाण म्हणून हेच दे. शोकेसमध्ये छान दिसतील.”

बारा बायका बघत होत्या. मी हळद लावली, कुंकू लावलं, आणि पेटी त्यांच्या ओटीत घातली. हसत घातली, ते मला अजून डाचतं.

तीनेक महिन्यांनी दुबईत एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी बायकांनी जुन्या वस्तूंची विक्री मांडली होती. तिथे एका टेबलावर अगदी तसाच चमचा दिसला, निळा. किंमत दीडशे दिरहम. म्हणजे साडेतेराशे रुपये, एका चमच्याचे. मी विचारलं, मुलामा आहे ना? टेबलामागच्या म्हातारीने चमचा उलटा केला, माझ्या हातात भिंग दिलं आणि दांड्याच्या मागचा शिक्का दाखवला: ९२५, पुढे एस, पुढे नॉर्वे. हजार भागांत नऊशे पंचवीस भाग चांदी, म्हणाली. माझ्या चमच्यांवर हाच शिक्का होता. मी रोज पुसायचे, मला पाठ होता. फक्त अर्थ माहीत नव्हता.

घरी येऊन मी ह्यांच्यावर ओरडले. ते म्हणाले, वाण कधी परत मागतात का, आणि मागून माझी नोकरी घालवायची आहे का. मुलगी म्हणाली, “आई, इट्स जस्ट स्पून्स.” त्या दोघांशी मी आठवडाभर नीट बोलले नाही.

माझं ठरलं. वहिनींनी मला अडाणी ठरवून लुबाडलं होतं, तर आता या विषयात माझ्यापुढे कुणी उभं राहता कामा नये. त्या म्हातारीचा मी पिच्छाच पुरवला. चांदीवर आधी यंत्राने लाटांसारख्या बारीक रेघा कोरतात आणि त्यावर पारदर्शक मीना भट्टीत चढवतात, हे तिने शिकवलं. अस्सल मीन्याखालच्या रेघा उन्हात धरल्या की खोल पाण्यात दिसाव्या तशा दिसतात. टवका उडून कुणी नेलपॉलिशसारखं काही भरलं असेल, तर तिथे रेघा बुजतात आणि सुई टोचली तर रुतते. शिक्का ८३० असेल तर चमचा बहुधा आणखी जुना. आधी पाठ बघायची, मग पोट, हा तिचा नियम.

पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन मी एकेक चमचा घेत गेले. चमचा घासाघीस करून मिळाला की मला वहिनींचा चेहरा दिसायचा. पोळी लाटता लाटता मी वाक्य घोटायचे: “वहिनी, हे पितळ नाही. हे तुम्हालाही ठाऊक होतं.” कधी शेवटी ‘चोरी’ हा शब्द घालायचे, कधी काढायचे. अशी आठ वर्षं गेली. मुलगी कॉलेजात गेली. ह्यांनी ती नोकरी सोडून हमरिया फ्री झोनमधली दुसरी धरली, आणि माझ्या तोंडावरचं कुलूप निघालं.

मग वहिनींचाच फोन आला. दुबईच्या मरीनात नवा फ्लॅट घेतला होता, वास्तुशांत होती. “तू म्हणे त्या नॉर्वेच्या चमच्यांमधली एक्स्पर्ट झालीस. सगळ्या सांगतात. माझ्याकडचे पण बघ की येऊन. इन्शाल्ला सगळ्या जमणारच आहेत.” मला यापेक्षा काय हवं होतं? मी पैठणी नेसले. पर्समध्ये भिंग टाकलं.

जेवणं झाल्यावर पंधरावीस बायकांसमोर वहिनींनी पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. “सांग गं सगळ्यांना, काय चीज आहे ती.” मी निळा चमचा उचलला. पुढून तसाच होता, एक ओरखडा नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. सवयीने मी आधी पाठ फिरवली.

चमच्याच्या पाठीवरचा मीना टवके उडून गेला होता. भांड्यांच्या दुकानात नावं घालतात ना, त्या यंत्राने टिंबाटिंबांनी अक्षरं कोरली होती. मी भिंग लावलं. माझं नाव होतं. ‘सौ.’सकट, खाली ‘हिजकडून, संक्रांत’. मी दुसरा उलटा केला, तिसरा, सहाही. सगळ्यांवर माझंच नाव होतं.

“वहिनी,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, “नावं घातल्यामुळे यांचं मोल गेलं. मीना तडकला. आता नुसत्या वजनाची चांदी.”

हे मी सूड म्हणूनच बोलले. खरं होतं, तरी सूड म्हणूनच. त्यांचा चेहरा पडेल म्हणून मी बघत राहिले.

“चांदी आहे?” त्या म्हणाल्या. “म्हणजे मीच येडी. मी पितळ समजत होते. बरं, जाऊ दे गं, मला कुठे विकायचेत? आलेल्या प्रत्येक वाणावर मी देणारीचं नाव घालून घेते, नाहीतर म्हातारपणी कोण आठवणार कुणी काय दिलं ते.” मग त्यांनी आतून एक स्टीलची वाटी आणली, एक तबक आणलं, कुणाकुणाची नावं वाचून दाखवली. बायका आपापली नावं शोधायला लागल्या. वहिनींनी चमचे परत पेटीत ठेवले आणि म्हणाल्या, “हे मात्र माझे सगळ्यात आवडते.”

मी कॉफी घेतली. कुंकू लावून घेतलं, वाकून नमस्कारही केला. मग लिफ्टमध्ये शिरले. त्या बाईने लुबाडलं असतं तर मी तिला सोडलं नसतं. पण ती माझ्याइतकीच अडाणी निघाली. माझ्या मैत्रिणीच्या आईचे चमचे माझ्याच नावाने फुटले होते, आणि आता चिडायला माझ्याकडे कुणी उरलं नव्हतं.

खाली हे गाडीत वाट बघत होते. बोललीस का शेवटी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाडी काढा.