डीलिया कॉनबॉयचा कोरा चहा

किलब्रॅक गावात डीलिया कॉनबॉयला "लेंटला काय सोडलंस?" असं कुणी कधी विचारलं नाही. विचारायची वेळच ती येऊ द्यायची नाही. कुणाच्या घरी गेली आणि घरच्या बाईने किटली चुलीवर ठेवली, की खुर्चीवर टेकायच्या आधीच डीलिया म्हणायची, "माझा कोरा गं. दूध नको, साखर नको. आणि पावाला लोणी लावू नकोस, लेंट आहे ना." ती बाई बिचारी पाव कापायचं अजून मनात आणत असायची, तोवर डीलियाचा नकार टेबलावर येऊन पडलेला असायचा.

बाकीचं वर्षभर तिची कुणाला फारशी आठवण व्हायची नाही. चौकात तिचं लोकर, बटणं आणि हातमोजे यांचं छोटं दुकान होतं. लग्न झालं नव्हतं. धाकटा भाऊ पाद्री होणार होणार म्हणून आईने गावभर सांगून ठेवलं होतं, तो डब्लिनला जाऊन बसमध्ये तिकिटं फाडायला लागला. मान मिळावा असं घराण्यात काही उरलं नव्हतं. उरला होता फक्त लेंटचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, आणि तो मात्र डीलियाने एखाद्या जहागिरीसारखा सांभाळला होता.

रोमहून नियम सैल होऊन आले, त्याला आता काही वर्षं झाली होती. कडक उपास फक्त लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आणि गुड फ्रायडेला, बाकी ज्याने त्याने आपल्या मनाने काहीतरी सोडावं. डीलियाला हा स्वतःचा अपमान वाटला होता. "मनाने म्हणे! मनाने सोडायचं तर ती किराणावाली मेमी टाफ धुणं धुवायचं सोडेल," असं ती म्हणायची. राखेच्या बुधवारी ती केस मागे घट्ट चापून पिना लावायची, म्हणजे कपाळावरचा राखेचा क्रूस झाकला जायला नको. उपास करावा तर तोंड धुऊन, हसतमुखाने, कुणाला कळू न देता, असं फादर गिलूली दरवर्षी त्याच सकाळी वेदीवरून सांगायचे. डीलिया पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची आणि रात्रीपर्यंत कपाळाला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही.

यूना बर्न ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, दोन घरं सोडून राहणारी. यूनाचा नवरा पावाची गाडी चालवायचा, तो वारला. मुलगा डेक्लन इंग्लंडात कोव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात होता. दुकान बंद करून डीलिया रोज संध्याकाळी चहाला यूनाकडे जायची. यूना चहात साखर घालायची की साखरेत चहा, हे सांगणं कठीण होतं. लेंटला ती दरवर्षी चॉकलेट सोडायची आणि पहिला आठवडा संपायच्या आत हातरुमालाखाली लपवून खाताना सापडायची. "पडले गं मी, डीले," म्हणून खो-खो हसायची. "देवाला माहीत आहे मी कशी आहे ते. त्यानेच केली मला." डीलिया नाक मुरडायची खरी, पण तिला ते आवडायचं. यूना पडायची, म्हणून डीलिया उभी दिसायची.

त्या वर्षी मात्र यूना पडली नाही.

राखेच्या बुधवारी तिने केक सोडल्याचं सांगितलं. डीलिया मनात म्हणाली, बघू. मग कळलं की मटणही सोडलंय. मग पाव. पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर शेजारच्या हॉलमध्ये चहा होता, तिथे यूनाने बशीतल्या बिस्किटाला हातही लावला नाही. "नको गं, लेंट," एवढंच म्हणाली, तेही हळू आवाजात. मेमी टाफच्या किराणा दुकानात जे बोललं जाई ते दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळे, आणि त्या आठवड्यात तिथे एकच विषय होता.

"आपली यूना बघितलीस का?" मेमीने डीलियालाच विचारलं. "नुसत्या पातळ सुपावर आहे म्हणे. आणि कुठे बोलायचं नाही, मिरवायचं नाही. याला म्हणतात उपास!"

डीलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. याला म्हणतात उपास, तर मग गेली तीस वर्षं ती काय करत होती? तिने त्या संध्याकाळी यूनाकडे गेल्यावर नीट बघितलं. यूनाची गालफडं बसली होती, गळ्याभोवती ब्लाउजची कॉलर सैल झाली होती. मैत्रीण वाळलेली दिसली की माणूस काळजी करतं. डीलियाला त्या बसलेल्या गालफडांचाही राग आला. तीसुद्धा तिला मिरवल्यासारखी वाटली.

"काय गं, संत व्हायचा विचार आहे का?" तिने विचारलं.

"मी कसली संत," यूना म्हणाली. "तुझं बघून बघून जरा शिकले, झालं."

हे उत्तर डीलियाला टोमण्यासारखं लागलं. तिने आपला कोरा चहा अर्धाच ठेवला आणि घरी गेली. नंतर चार संध्याकाळी ती यूनाकडे फिरकलीच नाही, दुकानात हिशेब राहिलाय म्हणून निरोप धाडला.

मग देशाच्या लाडक्या संताचा, संत पॅट्रिकचा सण आला. लेंटच्या मधोमध येणारा हा एक दिवस, त्या दिवशी सगळ्यांना सूट. दारू सोडलेले सकाळपासून पबमध्ये, गोड सोडलेले हॉलमध्ये. डीलियाने ही सूट आयुष्यात कधी घेतली नव्हती. सगळं गाव कोटाला शॅमरॉकची हिरवी तीनदळी पानं टोचून क्रीम चाटत असताना ती कोरा चहा घेऊन मधोमध बसायची, आणि तिच्या लेंटचा तो खरा शिरपेच होता.

मिरवणूक संपली, बँडवाले हॉलमध्ये आले, बायकांनी सफरचंदाचे टार्ट कापायला घेतले. यूना खिडकीपाशी बसली होती, समोर चहाचा कप, बशी रिकामी. मेमीने तिच्याकडे बोट दाखवलं. "बघा, आजसुद्धा नाही! डीलिया, तुला जोडीदारीण मिळाली हो."

जोडीदारीण! डीलियाला वाटलं, पुढच्या वर्षी लोक म्हणतील यूनाचं लेंट, आणि ती डीलियाही करते म्हणे थोडंफार. तिने काय केलं, ते तिच्या पुढच्या आयुष्यात तिला रोज आठवत राहिलं. ती उठली, टार्टचे दोन मोठे तुकडे बशीत घेतले, दोन्हींवर क्रीम थापलं आणि सगळ्यांच्या देखत यूनापुढे जाऊन उभी राहिली.

"आज सणाचा दिवस," ती म्हणाली, आणि आवाज मुद्दाम चढा ठेवला. "फादरसुद्धा खातायत. बघ, मीसुद्धा खाते." आणि तिने खरंच एक घास घेतला. हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. "आता तू. की तू फादरहून पवित्र आणि पॅट्रिकहूनही मोठी?"

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, सणाचं हसणं होतं. यूना लाल झाली. तिने डीलियाकडे बघितलं, त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. पण डीलियाने ती विनवणी बघायची नाही असं ठरवलं होतं.

"डीले, राहू दे ना गं," ती पुटपुटली.

"का? लोकांना काय दाखवायचंय तुला?"

यूनाने काटा उचलला. तिने तो अख्खा तुकडा खाल्ला. एकेक घास लहान करून, प्रत्येक घासावर चहाचा घोट घेऊन, चेहरा हसरा ठेवून. मेमीने टाळ्या वाजवल्या. डीलियाही आपला तुकडा संपवत होती. तो फार छान झाला होता, आणि ती मनातून तृप्त होती.

थोड्या वेळाने चहाची किटली रिकामी करायला डीलिया हॉलच्या मागच्या दारातून बाहेर गेली. कोळशाच्या खोपटाआड यूना भिंतीला हात टेकून वाकली होती. सणाचा हिरवा कोट, त्यावर शॅमरॉक, आणि आतून येणारा तो आवाज. पोटात असलेलं सगळं येऊन गेलं तरी तिचं अंग पिळवटतच होतं. जमिनीवर पडलं होतं त्यात लाल रंग होता. डीलियाच्या हातातून किटली पडली.

"ओरडू नकोस," यूना म्हणाली. "तुला हात जोडते, आत कुणाला कळू देऊ नकोस."

डीलियाने तिला खोपटातल्या उपड्या खोक्यावर बसवलं. यूनाने तोंड पुसलं आणि मग थांबत थांबत सांगितलं. ख्रिसमसपासून घास खाली उतरत नव्हता. गॉलवेच्या इस्पितळात दाखवून आली होती, बहिणीकडे जाते म्हणून. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि तिचा हात हातात घेतला, तेव्हाच ती समजली.

"डेक्लनची बायको पोटुशी आहे," ती म्हणाली. "दोनदा गेलं तिचं. या वेळी डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलंय. मेच्या अखेरीला दिवस भरतील. माझं कळलं तर तो तिला तशीच टाकून धावत येईल, नाहीतर तिला बोटीतून घेऊन येईल. आणि मेमीची बहीण राहते त्याच्याच गल्लीत. इथे कुणी ओळखलं, की तिथे दुसऱ्या दिवशी कळलंच."

"मला तरी सांगायचंस गं."

"सांगणार होते. चार दिवस वाट बघितली तुझी. लेंट आलं तेव्हा वाटलं, देवच पावला. आता जेवत नाही म्हणून कुणी विचारणार नाही. सगळे वाहवा करतील. आयुष्यात पहिल्यांदा गं, डीले." ती हसायला गेली आणि कळ आली म्हणून थांबली. "पण ईस्टरनंतर काय करू? ईस्टरनंतर मला काही सबबच उरणार नाही."

डीलियाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या तोंडात अजून क्रीमची गोडी होती. ती मरायला टेकलेल्या मैत्रिणीशी उपासाची स्पर्धा करत होती, आणि हरतेय असं दिसताच तिने तिला सगळ्यांसमोर घास घास करून विष चारलं होतं. तिने फक्त आपला रुमाल काढला आणि यूनाच्या कोटावरचा डाग पुसत बसली, तो गेल्यावरही बराच वेळ पुसत राहिली.

उरलेलं लेंट डीलियाने कुणाकडे नकार दिला नाही, कारण यूनाशिवाय ती कुणाकडे गेलीच नाही. दुकान बंद झालं की यूनाकडे जायची, दुधात अंडं फेटून चमच्याने द्यायची. कोरा चहा तिला स्वतःला आता घशाखाली उतरत नसे, पण साखर घालायलाही हात धजत नसे.

ईस्टरची सकाळ उजाडली. मिस्सा झाली, हॉलमध्ये रंगवलेली अंडी, हॅम आणि भला मोठा स्पंज केक मांडला होता. डीलिया आणि यूना शेजारी बसल्या. मेमी हातात बशी घेऊन थेट तिकडेच आली.

"यूना, आता तुझं काही ऐकणार नाही. लेंट संपलं. खा!"

आजूबाजूच्या माना वळल्या. यूनाने टेबलाची कड घट्ट धरली.

डीलिया उठून उभी राहिली. "ती खाणार नाही," ती म्हणाली, पॅट्रिकच्या दिवशी जो आवाज लावला होता तोच लावून. "आम्ही दोघींनी नवस केलाय. मेच्या अखेरीला येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत गोड नाही, मटण नाही, पाव नाही. मीच करायला लावला तिला."

हॉल हशाने फुटला. "अगं बाई, देव थडग्यातून उठला, आता तू तरी बस!" कुणीतरी ओरडलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फादर गिलूली मात्र हसले नाहीत. ते टेबलापाशी आले.

"डीलिया, ईस्टर हा आनंदाचा काळ," ते म्हणाले. "आज उपास धरणं ही भक्ती नाही, हा गर्व आहे. आणि तो तू दुसरीवर लादतेस?"

"होय, फादर," डीलिया म्हणाली.

"होय काय होय!" मेमीने बशी आपटली. "जरा बघ त्या बाईकडे. हाडं दिसायला लागली तिची. हे सगळं तुझ्यापायी. स्वतःची हौस भागली नाही म्हणून तिला उपाशी मारतेस? लाज नाही वाटत तुला?"

यूनाने बोलायला तोंड उघडलं. डीलियाने टेबलाखाली तिचा हात दाबला, इतका घट्ट की यूना गप्प बसली. तो हात काडीसारखा हलका लागत होता.

लाज वाटते, असं डीलियाला सांगता आलं असतं. मेमी बोलत होती त्यातलं आजच्या नवसापुरतं खोटं होतं आणि पॅट्रिकच्या दिवसापुरतं खरं होतं, आणि खोटं कोणतं ते सांगायची सोय नव्हती. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की गावाने आपल्या उपासाकडे बघावं. आज सगळं गाव बघत होतं. ती खाली बसली, कोरा चहा ओढून घेतला आणि मान वर न करता पिऊ लागली.