पासष्ट ते ऐंशी

पुस्तकवाल्या लोकांत वावरलं की घरात पुस्तकं साठतात, हे सगळ्यांना माहीत असतं. किस्से त्याहून जास्त साठतात, हे कुणी सांगत नाही. पुस्तकं निदान रद्दीत तरी देता येतात!

आमचं मंडळ नेरूळला, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरतं. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी अकरा. डब्यातून चिठ्ठी उचलायची. रहस्यकथा, कविता, विज्ञान, जे निघेल त्या प्रकारातलं नवंकोरं पुस्तक शोधायचं आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर त्याचं परीक्षण करायचं. मी समन्वयक. म्हणजे खुर्च्या लावणारी.

*

प्रधान सर निवृत्त प्राध्यापक. त्यांना रहस्यकथा निघाली. ती कादंबरी वाचायला आमच्यातले सातजण नंबर लावून बसले होते. सर उभे राहिले, घसा खाकरला आणि पहिलंच वाक्य, “खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण मेव्हण्यावर संशयच येत नाही!”

सातही नंबर तिथल्या तिथे कॅन्सल.

वर सरांनी आपली पद्धतही सांगितली. “मी पहिली वीस पानं वाचतो आणि शेवटची वीस. मधलं लेखकानं स्वतःसाठी लिहिलेलं असतं.”

*

कीर्ती ऐरोलीला आयटीत आहे. तिला कशालाच वेळ नसतो. एकदा तिला कवितासंग्रह निघाला.

“चाळीस मिनिटांत उडवला,” ती म्हणाली. “पेस बरा आहे. पण प्लॉटच नाही यार!”

*

नसीमभाभी मूळच्या उरणच्या, इथे त्यांचं मेडिकल आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर वाचतात. त्यांना ‘नाही’ म्हणायला शिकवणारं पुस्तक आलं. भाभी उठल्या.

“पुस्तक फार उपयोगी आहे,” त्या म्हणाल्या.

“मग करा सुरू परीक्षण,” मी म्हटलं.

“नाही.” आणि बसल्या!

*

आता मी काही फार शहाणी आहे असं नाही. माझ्या मोबाईलमध्ये तयार वाक्यांची यादी आहे. ‘ओघवती भाषा’, ‘मातीचा गंध’, ‘अंतर्मुख करणारा शेवट’. अडलं की उचलायचं आणि चिकटवायचं. एकदा शेअर बाजारावरच्या पुस्तकाला मी मातीचा गंध लावून टाकला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

*

आणि म्हात्रे काका. जासईचे. तीन वर्षं ते मागच्या खुर्चीत बसून आमची परीक्षणं ऐकत होते, तीही वहीत लिहून घेत! आम्हाला वाटायचं, किती मान देतात आपल्याला. मग कळलं की सहा वर्षं ते कादंबरी लिहीत होते. मिठागरात काम करणारी रखमा, आणि मिठागराच्या जागी आलेलं कंटेनर यार्ड.

पुस्तक छापून आलं तसं काकांनी आम्हा चौघांना एकेक प्रत दिली. “महिना हाय तुमाला. चुकलं ते सांगा. गोड बोलू नका. शिकलेल्या मानसांनी वाचलं म्हंजे मला कलंल, मी लिवलंय का नुसता कागद नासलाय.”

महिन्यानंतरच्या रविवारी चिठ्ठ्या बंद, फक्त काकांचं पुस्तक. काका इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पिशवी घेऊन पहिल्यांदाच पुढच्या खुर्चीत बसले.

प्रधान सर म्हणाले, “मधला भाग म्हणजे तर कळस!”

कीर्ती म्हणाली, “एका दमात संपवलं काका. काय टाइट एडिटिंग!”

मी यादीतलं सगळं वापरलं आणि शेवटी स्वतःचं एक जोडलं, “या पुस्तकात एकही पान जास्त नाही आणि एकही पान कमी नाही.”

काका प्रत्येकाला हात जोडत होते. वही मात्र त्यांनी उघडलीच नव्हती.

भाभी दुकान बंद करून उशिरा आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

“काका, हे काय आहे? पान पासष्टपासून ऐंशीपर्यंत मधुमेहाचा आहारतक्ता आहे! चौसष्टवर ती रखमा भरतीच्या पाण्यात पोराला घेऊन उभी, पुढे एकदम दुधीचा रस! दोन दिवस झोप नाही मला. ते पोर वाचलं की नाही?”

मी माझी प्रत उघडली. पासष्टवर कारल्याची भाजी. प्रधान सरांनी आपली प्रत हळूच पालथी ठेवली. कीर्ती फोनमध्ये शिरली. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

काकांचे डोळे भरून आले होते. “बाइंडिंगवाल्यानं दुसऱ्याच पुस्तकाची पानं शिवली. तुमाला परती दिल्यावं दोन दिसांनी मला कललं.”

“मग सांगितलं का नाहीत?” भाभींनी विचारलं.

“म्हटलं, कोनतरी इचारंल.”

त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचे चार गठ्ठे काढले. सोळा सोळा पानांचे, टाचणी लावलेले. महिनाभर तयार होते. एक गठ्ठा भाभींना दिला. भाभी तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागल्या.

मी गुपचूप हात पुढे केला.

काकांनी उरलेले तीन गठ्ठे पिशवीत परत ठेवले. “तुमाला कशाला म्याडम? तुमच्या पुस्तकात तं एकबी पान कमी नाय!”