बांधावरचे पाच ऐन

माझं माहेर धरमतर खाडीकाठचं. घरचे सगळे मिठागरात राबणारे. आमच्याकडे झाड म्हणजे खारफुटीचं तिवर, आणि त्यावर बसणार ते बगळे. लग्न होऊन रोह्याच्या आतल्या अंगाला, भातशेतीच्या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात डोक्यावर काहीतरी जोरात खडखडलं आणि मी कळशी टाकून पळाले. वर पाहिलं तर तांबूस अंग, पिवळट पोट आणि हातभर झुपकेदार शेपूट. सासू पोट धरधरून हसली. मिठागरातली सून शेकरूला घाबरली, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

पुढे तीच शेकरू माझी झाली, म्हणजे मीच तसं ठरवून टाकलं. घरामागे देवाची राई होती, तिथे तिची पानाकाड्यांची दोन-तीन घरटी. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जाते. राईला लागून आमच्या बांधावर ओळीने ऐनाची पाच झाडं, त्यांच्यापुढे ओढ्याकाठचा उंबर आणि पलीकडे सरकारी जंगल. रोज सकाळी ती ऐनांवरून उंबरावर जायची, ऊन तापायच्या आत परत यायची. भांडी घासता घासता मी बघायची.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत ठेकेदार आला. गावाच्या मालकीच्या टेकडीवरचं जंगल त्याने तोडायला घेतलं. कोळशाच्या भट्ट्या लागल्या, धुराने वाळत घातलेल्या कपड्यांना वास यायला लागला. माझं तोंड आधीच फाटकं. ठेकेदाराच्या माणसांना वाटेत गाठून मी नाही नाही ते बोलले. ते म्हणाले, राईला हात लावणार नाही. आणि खरंच लावला नाही. राईची हद्द दगडांनी आखलेली. आतली पडलेली काडीसुद्धा चुलीला आणायची नाही, आतल्या झाडावर चढायचं नाही, हा रिवाज त्यांनीही पाळला. टेकडीवर मात्र सावलीपुरतं झाड ठेवलं नाही. राई राखली म्हणजे सगळं राखलं, असं गावाला वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं.

मग राबाची वेळ आली. भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर शेण, टहाळ म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, आणि वाळका पातेरा पसरून उन्हाळ्यात जाळायचा, त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. टहाळ दरवर्षी टेकडीवरून यायचा. त्या वर्षी टेकडीच उघडी. राहिले ते बांधावरचे पाच ऐन. सासरे म्हणाले, दोन राहू देत. मी म्हटलं, मग काय अर्धाच राब भाजायचा? नवरा कंपनीत होता, त्याला शिफ्ट बदलून घ्यायला लावली आणि शिमग्याच्या आधी पाचही ऐन बोडके करून घेतले. वर तो कोयता चालवत होता, खाली उभी राहून मी बोट दाखवत होते. ती फांदी राहिली, तीही घे. सगळं मीच करवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेकरू राईच्या टोकाच्या फांदीवर बसून खडखडत होती. पुढे यायची, थांबायची, मागे फिरायची. मला वाटलं, साप दिसला असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. राईत तेव्हा तिच्या खाण्याजोगं काही उरलं नव्हतं, आणि एका घरट्यात पिल्लू होतं, ते मी आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं. एवढं सगळं ठाऊक असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सासरे बांधावर येऊन उभे राहिले, ऐनांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तिची वाट तोडलीस गो तू."

ठेकेदाराला शिव्या घालणारी मी, आणि त्याने ठेवलेली शेवटची वाट मी तोडली होती. नवरा कामावर गेलेला. त्याची वाट बघत बसले नाही; गोठ्यामागचे लांब बांबू ओढत बांधावर आणले. ऐनांच्या खोडाखोडांना बांधून राईपर्यंत पूल करायचा, एवढंच डोक्यात. सासऱ्यांनी एक टोक धरलं, मी शिडीवर चढून काथ्या आवळत होते. दोन ऐन झाले. तिसऱ्याशी शिडी लावली, तेव्हा शेकरू खाली उतरली. भरदुपारी, राईच्या हद्दीबाहेर, टहाळ तोडून उघड्या पडलेल्या बांधावर. पळत होती, पण जमिनीवर तिला पळता येत नव्हतं.

आमचा कुत्रा माझ्यामागून आला होता. नेहमी यायचा. मी शिडीवरून ओरडेपर्यंत तो पोहोचलासुद्धा.

पिल्लू मग दोन दिवस ओरडत होतं. शेजारच्या वाडीवरचा एक माणूस चढून काढायला तयार होता, पण देवाच्या झाडावर चढायचं कसं? मी सासऱ्यांच्या पाया पडले. ते नाही म्हणाले, आणि म्हणताना रडत होते. मी एकटी जाऊन चढायला हवं होतं. नाही गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी राईतून आवाज आला नाही.

राब मात्र छान भाजला. त्या पावसाळ्यात गावात सगळ्यांत दाट रोप आमचं होतं. बाया लावणीला आल्या तेव्हा कौतुक करत होत्या, आणि मला एकही मूठ उपटवेना.

त्यानंतर ऐनांना कोयता लावू दिला नाही. राब भाताच्या पेंढ्यावर आणि शेतातल्या गवतावर भाजतो. पाच-सहा घरांशी भांडून, राईला लागून असलेल्या त्यांच्या बांधावरची झाडंही राखायला लावली. चार-पाच वर्षांत ऐन पुन्हा भरले, फांद्या राईच्या फांद्यांना जाऊन भिडल्या. सासरे एकदा म्हणाले, तो बांबू कुजलाय, आता काढ. मी नाही काढला. भांडी घासताना अजून वर बघते. अजून तिथून कुणी गेलेलं नाही.