सारस हे नाव मला सुचलं नव्हतं

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलाला नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. ठाऊक आहे ते एकाच बाईला, आणि ती बोलत नाही. तिच्यानंतर तुम्हीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर मी हे सांगायला बसलो, की दुसरंच काहीतरी बोलून उठतो.

माझ्या मुलाचं नाव सारस. आज आमच्या भागात या नावाचं कोणाला नवल वाटत नाही. आमगावच्या बाजारात कोणी "ए सारस" अशी हाक मारली तर दोन-तीन पोरं वळतील. सालेकशाकडे एका वनरक्षकानं आपल्या मुलाला हेच नाव दिलं, आमच्या गावातही दोघं आहेत. पण माझा मुलगा जन्मला तेव्हा असं नाव मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. आमच्या बौद्ध वस्तीत मुलांची नावं ठरल्यासारखी — राहुल, सिद्धार्थ, आनंद, मिलिंद. त्यांचा आम्हाला अभिमान, कारण त्याच्या आधीची नावं आमच्या आवडीची नव्हती. माझ्या आज्याचं नाव कचरू. त्याच्या भावाचं धोंड्या. ती नावं कोणाच्या तोंडून आली असतील, ते काय सांगायचं? म्हणून मुलाला आपल्या मनानं नाव देणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. हे मुद्दाम सांगतोय — मी काय घेतलं, ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

लोक विचारतात, "सर, हे नाव तुम्हाला सुचलं कसं?" माझं उत्तर तयार असतं. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, मी बांधीच्या धुऱ्यावर — भातखाचराच्या बांधावर — बसलो होतो, समोरच्या बांधीत सारसाची जोडी उतरली. चिखलात राहूनही ताठ मानेनं चालणारा तो पक्षी पाहिला आणि तेव्हाच ठरवलं — मुलगा झाला तर सारस. एकदा आमच्या जिल्ह्यातल्या या पक्ष्यांवर लिहायला एक पत्रकार आले होते. त्यांनाही हेच सांगितलं. मुलासोबत माझा फोटो छापून आला, खाली ते ताठ मानेचं वाक्य. पुढं ते वाक्य लोकांच्या मोबाइलवर फिरलं. नावही त्याच्यासोबतच फिरलं असं मला वाटतं.

गोष्ट खरी आहे. धुरा खरा, जोडी खरी, मी तिथं बसलो होतो हेही खरं. फक्त ठरवलं ते मी नव्हतं.

ठरवलं माझ्या ताईनं. सुमनताई, माझी मोठी बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली. उन्हाळ्यात ती आईसोबत तेंदूपत्ता तोडायला जायची, आणि मी गोंदियाला खोली करून कॉलेजात. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. कुठं सत्कार झाला की मी न चुकता सांगतो — हे सगळं ताईमुळे. टाळ्या पडतात. मी खाली बसतो.

तिला केशोरीला दिलं होतं. त्या वर्षी ती रोवणीसाठी माहेरी आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दवाखाने झाले होते, सासूचं बोलणंही झालं होतं. मी सुट्टीवर होतो, पुस्तक घेऊन धुऱ्यावर बसलेलो. बांधीत बाया रांगेनं पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत होत्या. जोडी उतरली तशी एक म्हातारी ओरडली, "पाहा वो, नवरा-बायको आले! त्यायले द्या ना दोन पेंढ्या रोवाले!" सगळ्या हसल्या. ताई पाणी प्यायला माझ्याजवळ आली. हातांना चिखल होता म्हणून मीच तिच्या ओंजळीत ओतत होतो. पिऊन झाल्यावर म्हणाली, "मले पोट्टा झाला ना, त नाव सारस ठेवीन. चिखलातच रायते, पण चालते कसा पाह्य — पाटलावानी!"

मी हसलो. तीही हसली, मग एकदम गंभीर झाली. "कोणाले सांगू नोको. तुया भाऊजीलेही नाही सांगतलं. अजून काहीच नाही, अन् नाव कायले घेऊन बसली, म्हणतीन लोकं. तू शिकलेला हायेस म्हून इचारतो — नाव चालते ना?"

मी म्हणालो, एकदम चालतं.

तिच्या त्या 'पाटलावानी'चं मी पुढं पेपरासाठी ताठ मानेचं वाक्य केलं. नाव घेतलंच होतं, तिचं बोलणंही धुऊन-पुसून माझं करून टाकलं.

माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलगा झाला. शाळेत सहकारी मागे लागले होते, "अरे सर, कुछ हटके रखो ना!" सगळ्यांच्या मुलांना मोबाइलवर शोधलेली नवी नावं. वैशाली, माझी बायको, रोज चार नावं काढायची आणि रोज चारही खोडायची. एका संध्याकाळी ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हणालो, "सारस." तिनं मान वर केली. नाव दोनदा म्हणून पाहिलं. इतकी खूश झाली — आणि म्हणाली, "कुठून सुचलं हो तुम्हाला?"

इथं मी थांबू शकलो असतो. चारच शब्द होते — ते ताईचं नाव आहे. काय अवघड होतं त्यात? वैशालीनं लगेच सोडून दिलं असतं, तेवढी ती चांगली आहे. पण तिच्या डोळ्यांत मी एकदम मोठा झालो होतो. मी म्हणालो, "असंच. बांधीत पाहिले होते एकदा."

आमच्याकडे नाव आईबापानं ठरवलं तरी बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचा. म्हणजे ताईचा. ती आदल्या दिवशीच केशोरीहून आली — झबलं, टोपरं, चांदीचे वाळे घेऊन. रात्रभर मी एकाच घरात होतो तिच्यासोबत. सांगितलं? नाही. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, बाया पाळण्याभोवती जमल्या. नाव आत्याला ऐन वेळी सांगतात. ते मी सांगायला हवं होतं. मी वैशालीला म्हणालो, "तू सांग, मी जरा भात पाहून येतो." मागच्या अंगणात, पंगतीच्या भाताजवळ, दोन माणसं होती. माझी तिथं काही गरज नव्हती.

पण मागच्या दारातून दिसत होतं. वैशाली ताईच्या कानाला लागली. ताई सरळ झाली. तिनं इकडं-तिकडं पाहिलं — मला शोधत होती, दुसरं काय? मी भाताकडे पाहिलं. मग ती पाळण्यात वाकली आणि तिनं ते नाव म्हटलं. स्पष्ट म्हटलं. बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीवर बुक्के मारायला सुरुवात केली, हसत, ओरडत. बुक्के थांबले तरी ती वाकलेलीच. कोणीतरी म्हणालं, "उठ ना वो बाई, तूच झोपतं का पाळण्यात?" पुन्हा हशा झाला. ती उठली तेव्हा तीही हसत होती.

परत जाताना मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागली. चढताना ती पायरीवर थांबली. "इचारलं असतं त देलं असतं ना रे मी," म्हणाली. मागचे लोक ढकलत होते, ती आत गेली.

तिनं दिलं असतं. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. मग विचारलं का नाही?

एवढा वेळ मी याच्याभोवतीच फिरतोय. विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. त्या संध्याकाळी ते नाव माझ्या तोंडातून चुकून निघालं नव्हतं. त्याआधी काही दिवस मी मनात हिशेब केला होता. ताईला आता मूल होणार नाही — हे मी ठरवून टाकलं होतं. सासूनं जे तोंडावर म्हटलं, तेच मी मनात म्हटलं. नाव वाया जाईल, तिला आता काय कामाचं? हेच शब्द. जिनं मला शिकवलं, तिच्याबद्दल माझ्या शिकलेल्या डोक्यात हे शब्द आले, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तीन वर्षांनी तिला मुलगा झाला.

मी मामा म्हणून कपडे घेऊन केशोरीला गेलो. पाळण्याजवळ तिच्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, सांगा ना, काय ठेवायचं?" ताई म्हणाली, "तुमाले जे वाटते ते ठेवा." नणंदेनं अंकित ठेवलं. चांगलं नाव आहे. त्या मुलासाठी एवढी वर्षं राखून ठेवलेलं नाव ज्यानं उचललं, तो तिथंच उभा राहून पेढे वाटत होता.

ताईनं कोणाला काही सांगितलं नाही. पेपर आला तेव्हा एका लग्नात कोणीतरी ते वाक्य तिलाच वाचून दाखवलं, "तुया भावानं काय मस्त सांगतलं वो!" मी शेजारी उभा होतो. ती म्हणाली, "हो, शिकलेला हाये तो." एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही.

ती अजून येते, आम्हीही जातो. माझ्या मुलावर तिचा जीव आहे, खोटं नाही. आला की त्याच्यासाठी आधी अंडी उकडते. "ये राजा, जेव राजा, किती वाळला रे राजा." मागच्या दिवाळीत आम्ही केशोरीहून परत येत होतो. आता तो मोठा झालाय, बारीक गोष्टी त्याच्या ध्यानात येतात. गाडीत मागून म्हणाला, "बाबा, आत्या मला कधीच नावानं हाक मारत नाही. काऊन?"

मी आठवून पाहिलं. खरंच होतं. पाळण्यात एकदा म्हटलं, त्यानंतर तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलेलं नाही.

वैशाली माझ्याकडे पाहत होती, उत्तराची वाट पाहत.

मी म्हणालो, "लाडानं रे."