मी माझ्याच हातावर बसलो

नागमणीबाईंनी मला चौथीत ताल शिकवला नसता, तर लातूरच्या त्या दिवाणखान्यात माझा अपमान झालाच नसता. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार त्यांचे आहेत, म्हणून त्यांचं नाव आधी घेतो.

दिवाणखाना एका डॉक्टरसाहेबांचा. त्यांच्या मुलीला फिजिक्स शिकवायला मी बंगल्यावर जायचो. हैदराबादहून कर्नाटक संगीतातल्या एक व्हायोलिनवादक आल्या होत्या. घरगुती मैफल, तीस-चाळीस माणसं. साहेब म्हणाले होते, "सर, तुम्हीपण या. कान तयार होतील."

कान तयार करायला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शेवटच्या रांगेत बसलो.

वादक बाई मांडी घालून बसल्या, शेजारी साथीला मृदंगवादक. व्हायोलिनचं एक टोक छातीशी, दुसरं उजव्या पावलावर टेकवलेलं. "तिकडची परंपरा आहे ही," साहेबांनी मागं वळून सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिलीच रचना आदितालात. आठ मात्रा, हातावर मोजायच्या. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी, उताणा हात. टाळी, उताणा हात. देगलूरकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत नागमणीबाई आठाचा पाढा असाच घ्यायच्या. त्यांची घरची भाषा तेलुगू, माहेरी गाणं शिकलेल्या. म्हणायच्या, "बाळा, बोट सोडू नको. बोट सुटलं की आठ गेलं."

माझा हात मांडीवर आपोआप चालू झाला. आवाज नव्हता.

साहेब वळले. "काय सर, पाढे म्हणायलात काय?"

लोक हसले. मग साहेब हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. "तुमच्यात हलगी असते ना. हात स्वस्थ बसायचा न्हाई. पण इथं शांत बसून ऐकायचं असतं."

तुमच्यात.

जात त्यांनी मला कधी विचारली नव्हती. आडनावावरून काढली होती. हलगी माझ्या आजोबांनीच टाकून दिली. वडिलांनी दालमिलमध्ये पोती उचलली. घरात हलगी मी पाहिलेलीच नाही.

हे सगळं बोलायचं होतं. त्याऐवजी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसलो. दोन डिग्र्या घेतलेला माणूस. बोटांना मुंग्या आल्या. समोर व्हायोलिन पायाला टेकलेलं होतं. त्याचा कुणाला विटाळ नव्हता. विटाळ माझ्या बोटांचा होता.

मग व्हायोलिन थांबलं आणि मृदंगाचा एकट्याचा भाग आला. मृदंगवादकांनी हसून विचारलं, "कोई ताल रखेंगे?"

पुढच्या रांगेतून साहेब सरसावले. भजनाला वाजवतात तशा सलग टाळ्या. तिसऱ्यांदा आठ मात्रा संपेपर्यंत मृदंगवादकांनी कसंबसं सोसलं, मग हात थांबवला. साहेब पुढच्या दोन टाळ्या एकटेच वाजवत राहिले. शेजारचे वकील थांबण्यालाच "वाहवा!" म्हणाले. असे हे तयार कान.

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. नजर माझ्यावर आली. "सर, या ना पुढं. तुमच्या तर रक्तातच आहे."

मघा रक्ताचा दोष होता, आता गुण झाला. नागमणीबाई दोन्हीत नव्हत्या. वर्षभर माझी बोटं धरून त्यांनी शिकवलेलं, या माणसानं एका शब्दात पुसून टाकलं. तिथं माझं डोकं साफ झालं.

उठलो. पुढं गेलो.

"रक्तात नाही, साहेब. शाळेत शिकलो. नागमणीबाईंकडं, चौथीत. माझ्या घरात हलगी नाही. असती तर तिची लाज वाटली नसती. सरका."

"अहो सर, मी कौतुक करायलो—"

"सरका."

सरकले. मी बसलो, ताल धरला. शेवटपर्यंत बोट सुटलं नाही.

चहाच्या वेळी साहेब वकिलांना सांगत होते, "सर लई सेन्सिटिव्ह आहेत हो." मी चहा घेतला नाही. घरी येऊन पत्र लिहिलं.

नागमणीबाईंस,
सा. न.
बाई, भर मैफलीत तुमचं नाव घेतलं. पण त्याआधी बराच वेळ मी तुम्ही शिकवलेल्या हातावर बसलो होतो. हे तुमच्यापासून लपवणार नाही. भीती डॉक्टरांची नव्हती, त्यांच्यासारखं दिसायची हाव होती. ती गेली.

त्यांच्या बंगल्यावर जाणं बंद केलं. मुलीला शिकवीन, तिचा काही गुन्हा नाही. तिनं माझ्या क्लासवर यावं, सगळ्या पोरांत बाकावर बसावं. तिला फिजिक्सबरोबर आठाचा तालही शिकवणार आहे. विचारलं तर कुणाकडून आला तेही सांगणार.

यापुढं कुणी मला "तुमच्यात" म्हणालं, तर वाक्य पुरं होऊ देणार नाही. माणूस कितीही मोठा असो, घर कुणाचंही असो.

हात मांडीवर आहे, बाई. वरच्या बाजूला.

तुमचा चौथीतला विद्यार्थी