पालखीच्या दिवशीची सही

बऱ्याच केसेस निवृत्तीबरोबर डोक्यातून गेल्या. ही एक काही केल्या जात नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. शहराला लागून, रस्त्याच्या पलीकडे, दुकानांची तीन मजली इमारत होती. भर दुपारी तिथल्या केबलच्या डक्टला आग लागली. आग थोडी, पण काळा धूर जिन्यात कोंडला. दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासच्या बाईंनी सगळ्या मुलींना खाली काढले आणि स्वतः वरच राहिल्या. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, जळक्या केबलचे नमुने सील केले.

बाईंची आई मासळी बाजारात बसायची. बाजार उठला की टोपली घेऊन थेट ठाण्यात. "सायेब, माज्या पोरीला कोनी मारलान, येवढा सांगा." रोज हेच. मी रोज म्हणायचो, "मावशी, तपास चालू आहे." असे बोलायला आम्हाला काही लागत नाही.

बिल्डर गोड माणूस. जळाली तरी धूर कमी देणाऱ्या महागड्या केबलचे बिल त्याने माझ्या टेबलावर ठेवले. मी त्याला चहा पाजला.

मग एक जण चारित्र्य पडताळणीसाठी आला, त्या इमारतीला केबल पुरवणाऱ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला असलेला. काम झाले तरी उठेना. शेवटी हळूच म्हणाला, "ती चांगली केबल मीटररूमपुरती हाय सायेब. वर सगळी साधी." पंच घेऊन डक्ट पुन्हा उघडला. तसेच निघाले. तपासायला येणाऱ्याला दिसते तेवढीच चांगली!

बिल्डरला बोलावले. तो म्हणाला, "मला केबलीतलं काय कळतंय? परवानावाल्या वायरमनचा टेस्ट रिपोर्ट आहे ना."

वायरमन साठी उलटलेला, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. दोन दिवस एकच धोशा, "मी सोता जाऊन तपासलंय." तिसऱ्या दिवशी माझे हवालदार रिपोर्टवरची तारीख बघून हसले. ते इथलेच.

"सायेब, ह्या दिवशी शिमग्याची, देवाची पालखी ह्यांच्या घरी होती. आमच्याकडं त्या दिवशी मुंबयवालासुदा घरी येतो, आणि हे घर सोडून मीटर लावत बसले?"

म्हातारा रडायलाच लागला. कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून तो गठ्ठा त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ठेवून द्यायचा. लागेल त्याने तारीख घालून न्यावा. "बिल्डर आमच्या वाडीतला. गाववाल्याला नाय कसा म्हनायचा?" त्याबद्दल त्याने कोणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता.

मी खूश! दोषारोपपत्रात ती तारीख ठळक मांडली, बिल्डरलाही आरोपी केले. कोर्टात त्याच्या वकिलाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषद. तिथल्या परवानगीत डक्टमध्ये कमी धुराची केबल घालणे ही मालकाची जबाबदारी. पलीकडे, इमारतीच्या बाजूला, ग्रामपंचायत; तिथल्या परवानगीत एकच ओळ, वायरिंग परवानाधारकाकडून तपासून घ्यावे. "माझ्या अशिलाने तपासून घेतले. रिपोर्ट खोटा होता हे तर पोलिसांनीच शोधून काढलंय." इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या माणसाने जबाब फिरवला. बिल्डर सुटला, वायरमनला शिक्षा झाली. रस्ता ओलांडला की धूर कमी काळा होतो की काय, देव जाणे.

निकाल सांगायला मी स्वतः मासळी बाजारात गेलो. मावशी सुरमई कापत होती. कोयती थांबली नाही.

"त्या म्हाताऱ्यानं सही केलान, त्याला धरलात. बरा केलात. पन सायेब, केबल कोनी घातलान?"

मी तिथून निघालो. लाज वाटली, आजही वाटते. त्या तपासाबद्दल मला वरून प्रशंसापत्र आले होते, ते मी कधी भिंतीवर लावले नाही. नव्या पोरांना मी एवढेच सांगतो, की जो पटकन सापडतो त्याच्याच मागे आपण धावतो आणि त्याला हुशारी म्हणतो. तारीख सापडल्यावर मी तपास थांबवला. वरच्या मजल्यांची केबल कोणाच्या सांगण्यावरून आली, ती ऑर्डर कोणी दिली, हे बिल्डरला मी एकदाही खडसावून विचारले नव्हते. तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता.